पोटगीच्या अर्जात ‘मिळकत’ लिहावे की ‘उत्पन्न’?

अपत्याच्या पोटगीच्या अर्जाचा मराठी मसुदा करताना एका वाचकाने ‘वडिलांची मासिक मिळकत’ असे लिहिले आहे. हा शब्द योग्य आहे का, आणि भाडे, बोनस, उसने घेतलेले पैसे हे सारे त्यात येते का, अशी त्यांची पृच्छा आहे.

बोलण्यात ‘महिन्याची मिळकत’ खुशाल चालते. परंतु कायद्याच्या मराठीत ‘स्थावर मिळकत’, ‘मिळकतपत्रिका’ यांसारख्या प्रयोगांमुळे त्या शब्दाचा अर्थ मालमत्ता असाच रुळला आहे. घर ही मिळकत आणि त्या घराचे येणारे भाडे हे उत्पन्न. पोटगी ठरवताना नेमका हाच भेद कळीचा असतो. ‘कमाई’त श्रम गृहीत असल्यामुळे ठेवीवरच्या व्याजाला तो शब्द शोभत नाही. ‘आवक’ मात्र फारच सैल आहे, कारण उसने घेतलेले पैसेही आवकच. ते परत फेडायचे असल्याने उत्पन्न ठरत नाहीत.

‘उत्पन्न’ हे मुळात संस्कृत धातुसाधित विशेषण, अर्थ ‘निपजलेले’. श्रमातून, भांडवलातून किंवा मालमत्तेतून जे निपजते ते सारे त्यात सामावते: पगार, बोनस, जादा कामाचा मोबदला, भाडे, व्याज, आणि धंद्यातला नफा, एकूण विक्री नव्हे. ‘प्राप्ती’ हा शब्द ‘प्राप्तिकरा’पुरता राहू द्यावा, कारण कराच्या विवरणपत्रातला आकडा पोटगीसाठी जसाच्या तसा धरला जाईलच असे नाही; यंत्राचा घसारा, म्हणजे वापरामुळे त्याच्या किमतीत धरलेली घट, करासाठी नफ्यातून वजा होतो, पण त्यापायी त्या वर्षी खिशातून एक पैसाही गेलेला नसतो.

कमावण्याची क्षमता असूनही पालक मुद्दाम नोकरी सोडून बसला, तर न्यायालय त्या क्षमतेवरून काही रक्कम धरू शकते. तिला ‘काल्पनिक उत्पन्न’ म्हटलेले माझ्या वाचनात आले आहे, पण त्यातून ती रक्कम मनाने रचलेली असल्याचा भास होतो. ‘मानीव अभिहस्तांतरण’ (मालकीचे हस्तांतरण झाले असे कायद्याने मानणे) या संज्ञेमुळे ओळखीचा झालेला ‘मानीव’ येथे नेमका बसतो: ‘मानीव उत्पन्न’.

तेव्हा मसुद्यात ‘सर्व मार्गांनी मिळणारे मासिक उत्पन्न’ असे लिहून ‘एकूण’ (कपातीपूर्वीचे) आणि ‘निव्वळ’ (कपातीनंतरचे) असे दोन रकाने करावेत आणि मिळकतीचा तपशील वेगळा द्यावा. ‘एकूण’च्या जागी ‘ढोबळ’ मात्र नको. वाचणारा त्याचा अर्थ ‘अंदाजे’ असा घेईल.