केबलवाला लावून गेला तिथेच राऊटर ठेवायचा का?

पावसाळा आला की वायफायची पत्रं वाढतात, यंदाही तसंच झालंय. त्यातली चार निवडलीयेत. पहिल्याला जरा जास्तच लांब उत्तर दिलंय, कारण थोड्याफार फरकाने तोच प्रश्न बऱ्याच घरांतला आहे.

प्रश्न : ताई, आम्ही मुलुंडला वन बीएचकेमध्ये राहतो, मी, मिस्टर, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. दोन महिन्यांपूर्वी फायबरचं कनेक्शन घेतलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन. माणूस आला, दाराच्या वरून वायर आत घेतली, तिथेच चपलांच्या कपाटावर पांढरा डबा आणि राऊटर ठेवला आणि वीस मिनिटांत गेला पण. हॉलमध्ये मस्त चालतं, पण बेडरूममध्ये दार लावून मुलगा क्लासला बसला की सारखं गोल गोल फिरत राहतं. कस्टमर केअरवाले म्हणतात २०० चा प्लॅन घ्या. घेऊ का? – एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : नका घेऊ ताई, निदान आत्ता तरी नका. आधी एक करून बघा. राऊटरच्या बाजूला उभ्या राहा, फोनचा मोबाईल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि स्पीड टेस्ट लावा. आकडा कागदावर लिहून ठेवा. मग मुलगा जिथे बसतो बरोब्बर त्याच खुर्चीवर बसा, दार लावा आणि परत टेस्ट करा. बाहेर ९० आणि आत ६ असं काही आलं तर कंपनी तुम्हाला १०० देतेच आहे, ते बेडरूमपर्यंत पोचत नाहीये. गच्चीवरची टाकी भरलेली असून बाथरूमच्या नळाला करंगळीएवढी धार येत असेल तर आपण मोठी टाकी नाही बसवत, पाईप बघतो ना, तसंच आहे हे. व्हिडिओ कॉलला एका वेळी ४-५ एमबीपीएस सलग मिळाले तरी पुरतात हो, २०० चा प्लॅन घेऊनही भिंतीपलीकडे फारसा फरक पडणार नाही.

आता पोचत का नाही ते बघू. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी, आणि त्यांना सगळ्यात जास्त अडवतात काँक्रीट, लोखंड आणि पाणी. मुंबईतल्या घरांत ही तिन्ही भरपूर. गिरगाव-दादरच्या जुन्या बिल्डिंगांच्या भिंती दीड-दीड फूट जाड विटांच्या, आणि नवीन टॉवरमध्ये म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी मायवान पद्धतीने ओतलेल्या, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या, खिळा मारायला गेलं तरी ड्रिल लागतं त्या. अशी एक भिंत मध्ये आली की सिग्नल बराच पडतो, दोन आल्या तर संपलंच. त्यात लोखंडी कपाट, आरसा, स्टीलच्या भांड्यांची मांडणी, फिश टँक, पाण्याचं पिंप यातलं काही वाटेत असेल तर अजून कमी.

आमच्या आईकडे लालबागला दोनच खोल्या आहेत, तरी आतल्या खोलीत तिला व्हिडिओ कॉल लागायचा नाही. मी जाऊन बघितलं तर राऊटर लोखंडी कपाटाच्या मागे, भिंत आणि कपाटाच्या मधल्या चार बोटांच्या फटीत उभा, कारण प्लग पॉइंट तिथे होता आणि आईला वायरी दिसलेल्या आवडत नाहीत. वर धूळ, खाली झुरळांची पावडर. आतल्या खोलीत ७ येत होते. तोच राऊटर काढून दोन खोल्यांमधल्या दाराच्या चौकटीवर छोटी फळी ठोकून ठेवला, त्याच प्लॅनवर, दुसरं काहीही विकत न घेता, फक्त एक्स्टेन्शन बोर्ड आणि सहा मीटर वायर, आणि आत ४८ आले. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की पैसे खर्च करायच्या आधी राऊटरची जागा बदलून बघा. इन्स्टॉलेशनचा माणूस राऊटर दाराशी ठेवतो कारण वायर तिथून आत येते, दिवसाला त्याला आणखी घरं करायची असतात, त्याचाही दोष नाही. पण वायर जिथून येते तिथेच राऊटर असला पाहिजे असं कुठेही नाहीये.

तुमच्याकडे पांढरा डबा आणि राऊटर वेगवेगळे आहेत ही चांगली गोष्ट आहे. पांढरा डबा म्हणजे ओएनटी, तो फायबरमधल्या उजेडाचं साध्या इंटरनेट सिग्नलमध्ये रूपांतर करतो. त्याला हात लावू नका, फायबर काचेचं असतं, घडी पडली की कामातून गेलं. ओएनटी राहू दे चपलांच्या कपाटावर. त्यातून जी लॅन केबल राऊटरला जाते, दोन्ही टोकांना टेलिफोनच्या पिनसारखी पण जरा मोठी पिन असलेली, तीच फक्त लांब आणा. कॅट ६ मागा, दहा-पंधरा मीटरची तयार मिळते, ही केबल १०० मीटरपर्यंत चालते तेव्हा घरातल्या घरात स्पीड कमी होण्याचा प्रश्नच नाही. दाराच्या चौकटीवरून केसिंग-पट्टीतून नेली की सासूबाईंच्या पायात पण येणार नाही. (दोन्ही एकाच डब्यात असतील त्यांनी कंपनीच्या माणसालाच जागा बदलून मागावी, किंवा दुसरा राऊटर घेऊन तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायच्या सेटिंगवर, केबलने जोडावा.)

राऊटर हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, पाच-सहा फूट उंचीवर, उघडा ठेवा. काचेच्या शोकेसमध्ये नको, टीव्हीच्या मागे नको, फ्रीजवर तर अजिबात नको. अँटेना उभ्या ठेवा. काडीवर मेदूवडा ओवला तर काडी म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे सिग्नल, आजूबाजूला पसरतो, काडीच्या टोकाकडे फार जात नाही. लोक अँटेना खोलीकडे रोखून आडव्या करतात, त्याने उलट त्या खोलीलाच कमी मिळतं.

अजून एक. तुमच्या फोनमध्ये तुमचं वायफाय दोन नावांनी दिसत असेल, एकापुढे 5G असं काहीतरी. त्याचा मोबाईलच्या फाईव्ह-जीशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा बँड आहे. तो वेगवान पण भिंतीत दमतो. २.४ चा हळू पण लांब जातो. त्यामुळे हॉलमधला टीव्ही ५ वर टाका, आणि राऊटर हलवल्यावर बेडरूममध्ये दोन्हीवर टेस्ट करून जो जास्त सलग चालेल तो मुलाच्या लॅपटॉपला द्या. २.४ ची एक अडचण म्हणजे आपल्याकडे बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली, फोन उघडला की शेजाऱ्यांची वीस-वीस नावं दिसतात आणि ती सगळी एकाच रस्त्यावर कोंबलेली असतात. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच ठेवा, हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि तिन्ही एकेक दिवस वापरून जो बरा वाटेल तो कायम करा. मायक्रोवेव्ह पण याच पट्ट्यात चालतो, म्हणून काही घरांत जेवण गरम करताना कॉल अडकतो.

हे सगळं करून राऊटरच्या शेजारीच, ५ च्या बँडवर, १०० ऐवजी ३०-४० येत असतील तर मात्र कंपनीशी भांडा, आणि कागदावर लिहिलेले आकडे समोर ठेवून भांडा.

प्रश्न : माझा जुना राऊटर बंद पडला, लॅमिंग्टन रोडवरून नवीन आणला, सगळ्या वायरी जुन्यासारख्याच लावल्या, वायफायचं नाव दिसतं, जोडलं पण जातं, पण नेट नाही. केबलवाला म्हणतो आमच्याकडूनच राऊटर घ्यावा लागेल. – एक वाचक, परळ

उत्तर : राऊटर परत करायला धावू नका, बहुतेक तो चांगलाच आहे. आधी मागे बघा, एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो, वॅन लिहिलेला, बाहेरून येणारी केबल त्यातच हवी. ती बाकीच्या चारांपैकी एकात गेली तर तुम्ही लिहिलंय तसंच होतं, वायफाय दिसतं पण नेट नाही.

ते बरोबर असेल तर सेटिंग उघडा. फोन नवीन वायफायला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा, हे विसरू नका, नाहीतर नेट नाही म्हणून फोन गुपचूप डेटावर जातो आणि पान उघडतच नाही, आणि माणूस तासभर बसून राहतो. मग ब्राउझरमध्ये सगळ्यात वरच्या पट्टीत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका (आकडे इंग्रजीत), नेमका कुठला ते राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतं, लॉगिनचा पासवर्ड पण तिथेच. आत इंटरनेट किंवा वॅनच्या पानावर पीपीपीओई (PPPoE, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून नेट सुरू करायची पद्धत) निवडा आणि तुमच्या कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड भरा. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, केबलवाल्याने कनेक्शन देताना जो टाकला तो. तो मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

तरीही नाही चाललं तर केबलवाल्याकडे जुन्या राऊटरचा मॅक अ‍ॅड्रेस नोंदवलेला असणार, म्हणजे त्या मशीनचा स्वतःचा नंबर, आणि दुसरं मशीन दिसलं की त्यांची सिस्टीम दार उघडत नाही. नव्या राऊटरच्या स्टिकरवरचा मॅक त्यांना फोनवर वाचून दाखवा, त्यांच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे. किंवा सेटिंगमध्ये मॅक क्लोन असतं, तिथे जुन्याचा नंबर टाका. त्यांचाच राऊटर घ्यायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या मजल्यावर सगळ्यांचं येणंजाणं आहे, शेजारच्या मुलांनी मागितला म्हणून वायफायचा पासवर्ड दिला, आता तो खालच्या मजल्यापर्यंत गेलाय. बदलला तर वाईट वाटेल. राहू दे का? – एक वाचक, काळाचौकी

उत्तर : नाही, बदलाच. स्पीड कमी होतो हे ठीक आहे एक वेळ, पण तुमच्या वायफायवरून कोणी काहीही केलं तरी बाहेर नोंद तुमच्या कनेक्शनची होते. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा मेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरच्या वायफायवरून गेला होता, पासवर्ड नसलेल्या, आणि पोलीस पहिले त्या घरी पोचले होते. मुलं बिचारी गेमच खेळत असतील, पण पासवर्ड पुढे कुठे गेला ते त्यांनाही माहीत नसतं.

वाईट वाटू नये म्हणून गेस्ट नेटवर्क चालू करा, बहुतेक राऊटरमध्ये असतं. त्याचं नाव-पासवर्ड वेगळा, आणि त्यावरच्या लोकांना तुमचे कॉम्प्युटर, प्रिंटर दिसत नाहीत. तो मुलांना द्या, महिन्याला बदला, परीक्षेच्या दिवसांत बंद ठेवलात तर त्यांच्या आया तुमचे आभारच मानतील. स्वतःच्या वायफायला सेटिंगमधून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (WPA2/WPA3, ही वायफायची कुलपं) लावा आणि बारा-पंधरा अक्षरांचा पासवर्ड ठेवा, मोबाईल नंबर किंवा मुलाचं नाव-जन्मसाल नको, ते सगळ्या मजल्याला पाठ असतं. डब्ल्यूपीएस (WPS), म्हणजे बटण दाबून किंवा छोट्या पिनने जोडायची सोय, बंद करा. आणि राऊटरच्या सेटिंगचा लॉगिन पासवर्ड, जो बऱ्याच घरांत अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच असतो, तो पण बदला.

प्रश्न : माझं वय ७४, एकटी असते. जोराचा पाऊस झाला की नेट जातं आणि डब्यावर लाल दिवा लागतो. नातू अमेरिकेत आहे, तो फोनवर सांगतो आजी मागच्या भोकात टाचणी घाल. घालू का? – एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, टाचणी अजिबात घालू नका! त्या भोकाने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि मग माणूस येईपर्यंत तुम्हाला काहीच करता येणार नाही. दिव्याखाली लॉस (LOS) असं तीन इंग्रजी अक्षरांत लिहिलंय का बघा. असेल तर फायबरमधून उजेड येतच नाहीये, बाहेर कुठेतरी गच्चीवर किंवा झाडाच्या फांदीखाली वायर तुटलीय नाहीतर जोडात पाणी गेलंय, आणि ते घरात बसून कोणालाच दुरुस्त करता येत नाही, नातवालाही नाही. कंपनीला फोन करून एवढंच सांगा, ‘लॉसचा लाल दिवा लागलाय.’ म्हणजे ते तुम्हाला बंद-चालू करा सांगत बसणार नाहीत, सरळ माणूस पाठवतील. जोड बदलायला आला की त्याला तो पावसाचं पाणी लागणार नाही असा झाकून द्यायला सांगा, हे आवर्जून सांगा.

आणि नुसती लाईट जाऊन नेट जात असेल तर ते वेगळं. त्याला राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, शिसपेन्सिलीच्या कंपासपेटीएवढा, डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय का ते बघून तसाच घ्या. ओएनटी आणि राऊटर दोन्ही त्यावर हवेत, एकच लावून उपयोग नाही. लाईट आली, सगळे दिवे हिरवे झाले की दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग लावा अमेरिकेला फोन.