माकडं एकमेकांच्या उवा खरंच खातात का?

हो, खातात. उवा, लिखा, गोचिड्या, कोंडा, जे सापडेल ते चिमटीत धरून थेट तोंडात. पण हे नुसत्या स्वच्छतेसाठी नसतं. केसांतून बोटं फिरली की माकडाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, मेंदूत एंडॉर्फिन हे सुखावणारं रसायन स्रवतं. म्हणून ते हात वर करून, डोळे मिटून निवांत पडतं. भांडणानंतरचा समेटही बऱ्याचदा असाच होतो.

मला सगळ्यात भावतो तो रॉबर्ट सेफार्थ आणि डोरोथी चेनी या संशोधकांचा केनियातल्या व्हर्वेट माकडांवरचा प्रयोग (१९८४). त्यांनी लपवलेल्या स्पीकरवरून एकेका माकडाची मदतीची हाक ऐकवली. त्या माकडाने ऐकणाऱ्या माकडाच्या नुकत्याच उवा काढून दिल्या असतील, तर ऐकणारं माकड नात्यातलं नसूनही जास्त वेळ तिकडे बघायचं. सख्ख्या नात्यात मात्र असा फरक दिसला नाही.