‘श्वासोच्छ्वास’ आणि ‘ऑक्सिजनेशन’ : एकच शब्द पुरेल का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : घरी रुग्णाची देखभाल करणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना श्वास घेण्याची क्रिया आणि ‘ऑक्सिजनेशन’ या दोन्हींसाठी ‘श्वासोच्छ्वास’ हा एकच शब्द वापरला तर चालेल का, आणि ‘दम लागणे’ व ‘धाप लागणे’ यांत काही फरक आहे का?

पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे; ही क्रिया छाती-पोटाच्या हालचालीवरून डोळ्यांना दिसते आणि घड्याळ समोर ठेवून मोजताही येते. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ऑक्सिजनेशन मात्र त्यापुढची, न दिसणारी गोष्ट आहे : फुप्फुसांतील वायुकोशांमधून ऑक्सिजन रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला जोडला जातो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर जो आकडा दिसतो, तो हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने व्यापलेला आहे याची टक्केवारी असते. ‘ऑक्सिजन ९८ आहे’ असे आपण सर्रास म्हणतो खरे, पण आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यातच ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बोलण्यातला सैलपणा कळतो.

या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, हे कोविडच्या साथीत अनेक घरांनी पाहिले. आकडा ९० च्या खाली उतरलेला असतानाही काही रुग्ण नीट बोलत होते आणि आपल्याला काही त्रास नाही असे सांगत होते. उलट, भीतीने श्वास जलद झालेल्या माणसाचा आकडा अगदी उत्तम असू शकतो. रक्तक्षयाच्या रुग्णात तर आकडा चांगला दिसूनही रक्तातला एकूण ऑक्सिजन कमीच असतो, कारण तो वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असते. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, तर ‘श्वासोच्छ्वास ठीक आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याने यातले नेमके काय ठीक आहे असे समजावे?

मग ऑक्सिजनेशनला काय म्हणावे? ‘प्राणवायूकरण’ शब्द घडवता येईल, पण तो वाचून घरच्या माणसाला काहीच उमगणार नाही. ‘संपृक्तता’ हा रसायनशास्त्राच्या पुस्तकातला शब्द आहे, आणि रुग्णालयातल्या सिस्टर तर ‘सॅच्युरेशन’ असेच म्हणतात. माझ्या मते ‘रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण’ असे उलगडून लिहावे आणि आकड्याचा संबंध येईल तिथे ‘सॅच्युरेशन’ द्यावे, कारण वाचणाऱ्याच्या कानावर तोच शब्द पडणार आहे. ‘प्राणवायू’ चूक नाही, वर्तमानपत्रांनी तो चांगला रुळवलाही आहे. पण आयुर्वेदात प्राण हा शरीरातल्या पाच वायूंपैकी एक आहे आणि त्याचा हवेतल्या या वायूशी काही संबंध नाही. ‘श्वसन’ हा शब्द मात्र श्वासोच्छ्वास आणि ऑक्सिजनेशन या दोन्हींपेक्षा व्यापक आहे, त्यात पेशींमधील श्वसनही येते, म्हणून तो ‘श्वसनसंस्था’, ‘श्वसनमार्ग’ अशा समासांपुरता ठेवणे बरे.

आता ‘दम’ आणि ‘धाप’. धाप ही दुसऱ्याला दिसते व ऐकू येते. जिना चढून आलेला माणूस धापा टाकतो आणि घटकाभर बसला की ती ओसरते. दम लागणे ही मुख्यतः रुग्णाने सांगायची गोष्ट आहे, श्वास पुरा पडत नाही ही त्याची स्वतःची जाणीव. बोलीत दोन्हींची सरमिसळ होते, हे मान्यच आहे. तरीही डॉक्टर जेव्हा ‘चालताना दम लागतो की आडवे झाल्यावरही लागतो, झोपताना उशाशी किती उशा घ्याव्या लागतात?’ असे विचारतात, तेव्हा तिथे धाप हा शब्द बसत नाही. आडवे होताच लागणारा दम हे हृदय कमकुवत झाल्याचे लक्षण असू शकते, म्हणून पत्रकात ‘दम’च लिहावा. हा ‘दम’ मूळचा फारसी, त्या भाषेत त्याचा अर्थ श्वास. आपला ‘दमा’ त्याच घरातला. शम-दम या जोडीतला संस्कृत ‘दम’ वेगळा, त्याचा अर्थ निग्रह.

न विचारलेली एक गोष्ट जाता जाता सांगतो. आयुर्वेदात ‘श्वास’ हे रोगाचेही नाव आहे. त्याच्या महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास या पाच प्रकारांपैकी ऊर्ध्वश्वास मराठीत ‘ऊर्ध्व लागणे’ या रूपाने शेवटच्या घटकेसाठी रूढ झाला. ‘घरघर लागणे’ यालाही तीच छटा आहे. म्हणून कफामुळे येणाऱ्या आवाजाबद्दल लिहिताना ‘रुग्णाला घरघर लागल्यास’ असे न लिहिता ‘छातीतून घरघर असा आवाज येत असल्यास’ असे लिहावे, आणि दम्याच्या आवाजासाठी ‘शिट्टीसारखा आवाज’ हे शब्द वापरावेत.