नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर खरंच तासाभरात वादळ येतं का? मार्चमध्ये आईबाबांना बोटीने न्यावं का?

येतं. पण म्हणून तिकीट रद्द करू नका. तुम्ही लिहिलंय की नॉर्वेच्या नैऋत्येच्या बर्गेनपासून पार ईशान्य टोकाच्या किर्केनेसपर्यंत असा प्रवास आहे आणि आईला बोट लागते. मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, लोहखनिज भरायला उत्तर नॉर्वेतल्या नार्विक बंदरात तीन हिवाळ्यांत जाऊन आलोय, त्यामुळे तो किनारा थोडाफार अंगावर घेतलाय.

गंमत अशी की तिकडचा समुद्र वाटतो तितका थंड नसतो. अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे ७० अंश उत्तर अक्षांशावरही भर थंडीत पाणी ४-५ अंशांवर असतं, म्हणून तर नार्विक गोठत नाही. घोळ इथेच होतो. ध्रुवाकडच्या बर्फावरून उणे वीस-पंचवीसची हवा सुटते आणि या पाण्यावर आली की खालून तापून पातेल्यातल्या दुधासारखी वर येते. पाचेक किलोमीटर उंचीवरची हवा पाण्यापेक्षा ४३ अंशांहून जास्त थंड असेल, तर हवामानवाले सावध होतात. अशा वेळी जी छोटी वादळं तयार होतात त्यांना पोलर लो म्हणतात. आपल्या चक्रीवादळाच्या मानाने ती चिमुकली, काहीशे किलोमीटरची, आणि बहुतेकदा दीड दिवसाच्या आत विरणारी. जमिनीवर चढली की दम जातो. ऑक्टोबर ते मे त्यांचा हंगाम, म्हणजे तुमचा मार्च त्यातच आला.

एक रात्र सांगतो. बारा ते चारची माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, वारा १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), वर चांदणं. रडारवर वायव्येला एक जाड पट्टा दिसला, मला वाटलं नेहमीची बर्फाची सर असेल. पाऊण तासात वारा ४५ नॉटवर गेला आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, आमचाच पुढचा डोलखांब दिसेना. कॅप्टनसाहेब बनियनवर वर आले. अडीच तासांनी पुन्हा चांदणं, जणू काही झालंच नाही! उजाडल्यावर पाहतो तर रेलिंग मनगटाएवढं जाड झालेलं, उडालेलं पाणी जागच्या जागी गोठलं होतं. लाकडी मोगऱ्या घेऊन आम्ही ठोकत बसलो. मोठ्या जहाजाला त्याने फार फरक पडत नाही, पण मच्छीमारी बोटीचं वजन असं वरच्या बाजूला वाढलं तर ती कलंडते.

आता कामाचं. अंदाज बघताना नुसता वेगाचा आकडा पाहू नका, दिशा पाहा. बोडो बंदराहून लोफोटेन बेटांवर जाताना मधला वेस्टफ्योर्ड हा रुंद समुद्रपट्टा ओलांडावा लागतो आणि त्याचं तोंड नैऋत्येला उघडं आहे. नैऋत्य वारा असला की लाटा थेट आत शिरतात. तेवढाच वारा वायव्येचा असेल तर लोफोटेनचे डोंगर आडोसा देतात. पूर्वेचा असेल तर तो आतल्या डोंगराळ भागातून दऱ्यादऱ्यांनी खाली घसरतो. आपल्या मतलई वाऱ्याचाच थोरला भाऊ, फक्त हा सकाळी थांबत नाही, दिवसचे दिवस वाहतो.

स्थानिक अंदाजात ‘कुलिंग’ शब्द दिसेल, म्हणजे जोराचा वारा. आमच्या एका कॅडेटने त्याचा अर्थ एसीवाला लावला होता. ‘स्टेर्क कुलिंग’ म्हणजे ३४ ते ४० नॉट, ताशी ६३ ते ७४ किलोमीटर. त्याच्या वर गेलं की ‘स्टोर्म’ची भाषा सुरू होते.

तुमची बोट बहुतेक वेळ बेटांच्या आडून जाते. उघडे टप्पे मोजकेच: दक्षिणेकडे स्टाड आणि हुस्टाडविका, मग वेस्टफ्योर्ड, शेवटी अगदी उत्तरेचा भाग. हुस्टाडविकातच २३ मार्च २०१९ ला वायकिंग स्काय या क्रूझ जहाजाची इंजिनं बंद पडली. १,३७३ माणसं होती, चारशेहून अधिक हेलिकॉप्टरने उचलावी लागली. तिथे वारा एकटा दोषी नव्हता, इंजिनाच्या टाक्यांत वंगणतेल कमी होतं आणि जहाज हेलकावल्यावर पंपाला ते मिळेना. हल्ली कॅप्टन अशा जागी सरळ थांबून राहतात, त्यामुळे वेळापत्रक चुकेल हे धरून चाला. परतीचं विमान त्याच दिवसाचं घेऊ नका.

आईंसाठी एवढंच: बोडोहून बोट दुपारी सुटते आणि वेस्टफ्योर्ड ओलांडायला चारेक तास लागतात. बोट लागण्यावरची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी द्या, डॉक्टरांना विचारून. जेवण हलकं, केबिन खालच्या मजल्यावर आणि मधोमध मागून घ्या. बाबांना डेकवर फोटो काढायला जाऊ द्या, पण दार वाऱ्याच्या बाजूचं नको. एकदा ते दार माझ्या बोटांवर आपटलंय.