प्लेस्टेशनच्या बटणांवरील त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन यांचा अर्थ काय?

सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आणलेल्या पहिल्या प्लेस्टेशन या व्हिडिओ गेम यंत्राच्या कंट्रोलरवर अक्षरांऐवजी ही चिन्हे घेण्याचा निर्णय डिझायनर तेइयू गोतो यांचा होता. त्यांनीच दिलेल्या स्पष्टीकरणानुसार त्रिकोण म्हणजे दृष्टिकोन किंवा दिशा, चौकोन म्हणजे कागद, अर्थात मेन्यू वा दस्तऐवज, तर वर्तुळ म्हणजे ‘होय’ आणि फुली म्हणजे ‘नाही’.

खरी गंमत शेवटच्या दोन चिन्हांत आहे. जपानमध्ये वर्तुळाला ‘मारू’ आणि फुलीला ‘बात्सू’ म्हणतात. शिक्षक तिथे बरोबर उत्तरावर लाल वर्तुळ काढतात, त्यामुळे जपानी खेळाडूला वर्तुळ दाबून निवड पक्की करणे आणि फुलीने मागे जाणे शिकवावे लागत नव्हते. पाश्चात्त्य देशांत मात्र वर्तुळाला असा होकारार्थी संकेत नव्हता, आणि अंगठ्याला सहज सापडणारे खालचे बटण फुलीचे असल्याने तिथल्या गेममध्ये बहुधा तेच होकाराचे ठरले. सुरुवातीच्या काही गेममध्ये तर मागे जाण्यासाठी चक्क त्रिकोण वापरला जाई. म्हणजे फुलीच्या एकाच बटणाचा अर्थ दोन ठिकाणी नेमका उलटा झाला.

हा फरक पंचवीसेक वर्षे टिकला. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला, तेव्हा सोनीने जगभर फुली हेच होकाराचे बटण केले, अगदी जपानमध्येही, आणि माझ्या मते चिन्हाच्या मूळ अर्थाचा बळी देऊन साधलेली ही सोय आहे. जाता जाता: अनेक जण त्या बटणाला ‘एक्स’ म्हणत असले तरी सोनीच्या लेखी ते ‘क्रॉस’ आहे.