चांगल्या अवस्थेतल्या साध्या सायकलला किट लावून ती इलेक्ट्रिक करावी का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जुनी पण धडधाकट सायकल इलेक्ट्रिक करावी का, त्यासाठी 1000 वॅटची मोटर घ्यावी का, आणि एका चार्जमध्ये ती किती जाईल. हे काम मी हौसेने करत आलो आहे, म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो. जरूर करा, पण 1000 वॅटच्या नादी लागू नका. आणि मोटर निवडण्याआधी ब्रेक, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि बॅटरी, याच क्रमाने बघा.

साधी सायकल माणूस पायाने जेवढा वेग गाठतो तेवढ्याच हिशोबाने बनवलेली असते. वेग दुप्पट झाला की ती थांबवताना ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, शिवाय मोटर-बॅटरीचं वजन वाढतं ते वेगळंच. जुने दांड्यांचे ब्रेक आणि स्टीलची रिम असेल तर ओल्या रस्त्यावर रबर नुसतं घसरत राहतं. अशा सायकलला आधी अॅल्युमिनियमच्या रिम आणि व्ही-ब्रेक, जमलं तर डिस्क ब्रेक लावा. किटसोबत येणारे ब्रेक लिव्हर दाबताक्षणी मोटरची वीज तोडतात. जोडणीची कटकट म्हणून काहीजण ते बसवत नाहीत. तुम्ही बसवाच.

आता चिमटा. हबमधली, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोराने तिचा एक्सल उलटा फिरू बघतो. त्याला अडवायला असतात फक्त एक्सलच्या दोन चपट्या बाजू, आणि त्या ज्या खाचेत बसतात त्या खाचेच्या कडा. स्टीलची खाच हा जोर बऱ्यापैकी सोसते. अॅल्युमिनियमची फाकते किंवा तडकते, आणि मग चाक चालत्या सायकलमधून निसटतं. म्हणून खाचेजवळ लोहचुंबक लावून बघा. नेमकं तिथेच लावा, कारण सस्पेन्शनच्या चिमट्यात वरच्या नळ्या स्टीलच्या आणि खालचा भाग हलक्या धातूचा असं सर्रास असतं. चुंबक चिकटला नाही तर पुढच्या चाकात मोटर बसवू नका, मागच्या चाकाची घ्या. कार्बनच्या चिमट्याचा तर विचारही नको. स्टील असलं तरी टॉर्क आर्म लावाच. एक्सलला धरून फ्रेमला अडकवायची ती पोलादी पट्टी दिसायला किरकोळ असते, पण माझ्या लेखी किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

आता वॅटचा हिशोब. तुम्ही आणि सायकल मिळून 100 किलो धरा. दर 100 मीटरला 6 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरने जायला नुसतं वजन वर न्यायला साधारण 245 वॅट लागतात. हवा आणि टायरचं घर्षण मिळून आणखी पन्नासेक. निवांत पॅडल मारणारा माणूस पाऊणशे ते शंभर वॅट सहज देतो. म्हणजे 250 वॅटची मोटर आणि तुमचे पाय मिळून हा चढ आरामात काढतात. शिवाय मोटरवर छापलेला आकडा सलग चालण्याचा असतो. क्षणभर किती ताकद मिळेल ते कंट्रोलर ठरवतो. 36 व्होल्टच्या बॅटरीवर 15 अँपिअरचा कंट्रोलर असेल तर तो 540 वॅटपर्यंत खेचतो. 1000 वॅटचा जोर तुमच्या आऱ्यांना, खाचांना आणि ब्रेकला सोसणार नाही. त्यात युरोपियन संघात मोटर 250 वॅटपेक्षा मोठी असली किंवा तिची मदत ताशी 25 किलोमीटरच्या पुढे चालू राहिली की ती कायद्याने साधी सायकल उरत नाही. बऱ्याच देशांत अशाच मर्यादा आहेत, तुमच्याकडची आधी बघून घ्या.

मोटरमध्येही प्रकार आहेत. गिअरवाली हब मोटर हलकी असते आणि बंद असताना चाक मोकळं फिरू देते. बिनगिअरची जड, पण आवाज जवळजवळ नाही. क्रँकपाशी, म्हणजे पॅडलच्या दांड्यांपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह सायकलचेच गिअर वापरते, म्हणून खड्या चढाला तिला तोड नाही, मात्र चेन लवकर झिजते. रोजच्या ये-जा साठी मी गिअरवाली हब मोटरच सुचवेन.

किती जाईल हे बॅटरीचे वॅट-तास सांगतात. 36 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर-तास म्हणजे 360 वॅट-तास. पॅडल मारत गेलात तर किलोमीटरला दहाच्या आसपास खर्च होतात, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर. पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरून मोटरचा वेग वाढवायची मूठ) बसून राहिलात तर जवळजवळ निम्मेच.

बॅटरीवर मात्र काटकसर करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून बनवलेला पॅक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यातला एक सेल जरी बिघडून तापला तरी शेजारचे पेटत जातात, आणि ती आग विझवणं फार कठीण असतं. पॅकमध्ये बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून धोका दिसताच वीज तोडणारं सर्किट, हवाच. चार्जरही त्याच पॅकचा हवा: 36 व्होल्टचा साधा लिथियम-आयन पॅक 42 व्होल्टला पूर्ण भरतो, तर बारा सेलच्या लिथियम-फॉस्फेट पॅकला 43.8 व्होल्टचा चार्जर लागतो. पिन सारखी असली तरी अदलाबदल नको. लांबून आल्यावर बॅटरी गार होऊ द्या, मग लावा. घराबाहेर पडायच्या एकमेव वाटेवर किंवा सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. पॅक फुगला, आपटला किंवा आत पाणी गेलं, तर त्याचा वापर तिथेच थांबवा.

बसवून झाल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर एक्सलचे नट पुन्हा आवळा आणि चाकाचा आउट काढून घ्या. नव्या मोटरच्या चाकाचे आरे सुरुवातीला हमखास सैल पडतात.