बाल्कनीत किल्ला होईल का?

प्रश्न: ताई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, अंगण नाही. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची, दोघांना दिवाळीत किल्ला करायचाच आहे. पण चिखल खालच्यांच्या बाल्कनीत गळेल अशी भीती वाटते. रेडिमेडच आणू का?

उत्तर: रेडिमेड अजिबात नको हो, मग मुलांनी करायचं काय, नुसते मावळे मांडायचे? जाड प्लास्टिक अंथरा आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी विटांवर चढवा म्हणजे पाणी आतच राहतं. मधे उलटे डबे, दगड, जे असेल ते रचा आणि जुनं गोणपाट लाल मातीच्या पातळ चिखलात बुडवून त्यावर टाका, ज्या सुरकुत्या पडतात तेच डोंगर, आणि माती पण कमी लागते.

वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी ओल्या मातीवर अळीव भुरभुरवा, मोहरीही चालते. पाणी हाताने शिंपडायचं, मगने ओतलं की सगळं बी पायथ्याशी! हे काम धाकटीला द्या.

मोठ्याला खरा गड निवडू दे. राजगड घेतला तर मधे उंच बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, मजा येते करायला. जागा फारच कमी असेल तर परातीत पाणी घालून सिंधुदुर्ग करा, तो समुद्रातलाच किल्ला आहे.

पणत्या मात्र गोणपाट आणि प्लास्टिकपासून लांब, वेगळ्या विटांवरच ठेवा.